कोकिळा ऐकल्याशिवाय

आमच्या घरात ‘भक्ती’ हा शब्द फक्त अण्णा वापरत, आणि तोही आईला टोचायला. सकाळचा चहा यायला जरा उशीर झाला की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, “काय गं, भक्ती आटपली की नाही?” दूध उतू गेलं तर ती भक्ती उतू गेली, आमटी करपली तर ती भक्तीच्या नादात करपली. आई स्वतः हा शब्द कधी उच्चारत नसे. ती म्हणे, “देवाचं करून येते,” आणि ते इतक्या साधेपणानं म्हणे की भांड्यांचं बघायला चालली आहे की पूजेला, ते आवाजावरून कळायचं नाही. त्याहून काही जास्त असलं तर तिच्याकडे त्याला ‘नेम’ म्हणत. नेम धरायचा, चालवायचा आणि जीव गेला तरी मोडू द्यायचा नाही. मी पुढे जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, ‘भक्ती’चा वाक्यात उपयोग करा म्हणून मुलांना सांगितलं. दरवर्षी निम्मा वर्ग लिहायचा, ‘माझी आजी देवाची भक्ती करते.’ मी बरोबरची खूण करून मोकळी व्हायची. चुकलेलं काही नव्हतंच त्यात. पण वही मिटताना दर वेळी मला आमच्या पनवेलच्या घराचा मागचा लोखंडी जिना आठवायचा, आणि तो काही मी फळ्यावर लिहू शकत नव्हते.

आम्ही तळ्याजवळच्या एका दुमजली इमारतीत वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. पुढच्या खोलीत अण्णांची खुर्ची, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे एक अरुंद पडवी. पडवीसमोर घरमालकांचं आंब्याचं झाड होतं, इतकं जवळ की फांदी हाताला लागे. पडवीच्या भिंतीआडून लोखंडी जिना गच्चीवर जायचा. पाऊस पडला की त्याच्या पायऱ्यांवर असा काही ताशा वाजे की स्टोव्हची फरफर ऐकू येऊ नये. घरात माणसं तीनच. मी एकुलती एक, तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात, आणि दोघांच्या भांडणात कुणाची बाजू घ्यायची ते ठरवण्यात माझा निम्मा अभ्यास बुडायचा.

अण्णा मोजणी खात्यात होते. शिरढोण, पळस्पे, थेट गव्हाणपर्यंत शेतांच्या बांधांवरून साखळी ओढत त्यांची हयात गेली होती. उन्हानं रापलेला, काटक, नाकावर राग असलेला माणूस. त्यांना सगळं मोजून लागायचं, आणि जे मोजता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. देवाचं त्यांचं वैर होतं असं नाही, नुसती ओळखच नव्हती. बांधाबांधानं फिरल्यामुळे पक्षी मात्र त्यांना आवाजावरून कळत. भारद्वाज, तांबट, टिटवी, सगळ्यांच्या हुबेहूब नकला करत. मी लहान असताना मला जेवू घालायला हा एकच उपाय चालायचा म्हणे. मी मोठी झाले आणि तो खेळ थांबला. साहेबी चेहरा करून ते वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसू लागले.

त्या वर्षी उन्हाळ्यात अण्णांच्या छातीत दुखलं. पळस्प्याच्या शेतात मोजणी करताना ते मटकन खाली बसले, आणि लोकांनी बैलगाडीत घालून त्यांना घरी आणलं. पुढे दवाखाना, मुंबईचे मोठे डॉक्टर, सगळं यथासांग झालं. घरी परत आले तेव्हा पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिना चढायचा नाही, रागवायचं नाही, मीठ खायचं नाही. पहिली गोष्ट त्यातल्या त्यात सोपी होती, कारण एकदा चौघांनी खुर्चीत बसवून वर आणल्यावर ते खाली उतरलेच नाहीत. दुसरी गोष्ट त्यांच्याच्यानं होणारी नव्हती. तिसरीसाठी आईनं साऱ्या घराचंच मीठ बंद केलं. “त्यांच्या ताटात अळणी आणि आपल्या ताटात चवीचं, असं माझ्या घशाखाली उतरणार नाही,” ती म्हणाली. झालं, आमटी अळणी, भात अळणी, आणि मी मेली वाढत्या वयाची, रोज रडकुंडीला यायची.

मंजुळाकाकीला याचा सगळ्यांत जास्त धक्का बसला. ती मूळची गव्हाणकडची, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली. पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली गेली की पनवेलात लेकीकडे येऊन राहायची आणि टोपलीत रानभाज्या घेऊन दारोदार फिरायची. शेवळं, कुरडू, टाकळा, भारंगी, कसली तरी ओली जुडी आमच्या पडवीत रोज पडलेली असे. एकदा आईनं तिला भाजी चाखायला दिली, तर तिनं घास तसाच तोंडात धरून आमच्याकडे पाहिलं. “वयनी, आमी मिटावर जगतो, आनि तुमी मिटाबिगर?” मग तिला कारण कळलं. दुसऱ्या दिवशी भारंगीच्या जुडीबरोबर आमसुलाची पुडी आली. “आंबट घाला, म्हंजे मीट नाय ते जिबंला कलत नाय,” म्हणाली. तेव्हापासून आमच्या अळण्या जेवणाला जरा तरी तोंड फुटलं.

त्या वर्षी अधिक आषाढ आला होता. असा आषाढ वर्षानुवर्षं येत नाही, आणि आला की बायका कोकिळाव्रत धरतात. महिनाभर रोज सकाळी न्हायचं, आणि कोकिळेचा आवाज कानावर पडल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. ज्या दिवशी कोकिळा बोलणार नाही, त्या दिवशी उपास. नवऱ्याच्या आयुष्यासाठी धरतात हे व्रत. आईनं ते धरलं. कोणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. एका सकाळी देव्हाऱ्यात काळ्या रंगाची मातीची एक कोकिळा येऊन बसली आणि आई पडवीत रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसली, एवढंच. अण्णांनी खुर्चीतून मान लांब करून पाहिलं. “हे काय नवीन?” त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. “म्हणजे माझ्या हृदयाचा आणि त्या पाखराच्या नरड्याचा संबंध आहे तर,” ते म्हणाले. “आणि तुझ्या आईला सांग, गाणारी ती कोकिळा नसतेच. गातो तो नर. मादी नुसती किट्‌किट् करते.” आईनं आतून उत्तर दिलं, “आमच्या घरीही बोलायचं काम पुरुषमाणसालाच आहे.” अण्णांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच इतके हसले होते.

सुरुवातीचे दिवस मजेचे गेले. उजाडायच्या आत कोकीळ आंब्यावर ओरडायला लागायचा. आई हात जोडायची, ताटात भाकरी आणि अळणी भाजी घ्यायची, जेवायची. हळूहळू आम्हा सगळ्यांचेच कान झाडाकडे लागले. मी पुस्तक घेऊन बसले तरी ऐकत असायची. खालच्या बिऱ्हाडातल्या बायका जिन्यातून विचारायच्या, “ऐकली का हो?” अगदी अण्णासुद्धा वर्तमानपत्र खाली करत, आवाज आला की पुन्हा वर धरत, आणि आपण ऐकत नव्हतोच असं दाखवत. आता मी राहते त्या सोसायटीतही गुलमोहरावर कोकीळ येतो. परवा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तक्रार टाकली होती की हा पक्षी पहाटे झोपू देत नाही, सोसायटीनं काहीतरी बंदोबस्त करावा. खाली अंगठ्यांची रांग. लिहून कोणाला काय समजावणार?

मग पावसानं झड धरली. कोकणातला आषाढ तो, दिवस दिवस उघडीप नाही, झाड नुसतं पाण्यात निथळत उभं. कोकीळ गप्प झाला. पहिल्या दिवशी आई दिवसभर उपाशी राहिली आणि काही झालं नाही असं वागली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिची तब्येत मुळातच तोळामासा, त्यात अण्णांच्या आजारपणात ती अर्धी झालेली. तिसऱ्या दिवशी स्टोव्हला पंप मारता मारता तिला घेरी आली आणि ती भिंतीला टेकून खाली घसरली. मी धावले. अण्णाही उठून आले, आणि तिला शुद्ध आहे असं दिसल्यावर त्यांचा पारा चढला. “ही भक्ती नाही, हा हट्ट आहे,” ते ओरडले. “तुझ्या देवाला माझा जीव हवा तर माझा घे म्हणावं, तुझा कशाला?” आई भिंतीला टेकूनच म्हणाली, “रागावू नका. डॉक्टरांनी सांगितलंय.” मी दोघांकडे पाहून रडायला लागले, कारण मला त्या क्षणी दोघंही हातची जातील अशी भीती वाटली. ती भीती मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस तसाच कोसळत होता आणि कोकीळ ओरडला. आधी खालच्या सुरात, मग वर, मग आणखी वर. आईनं डोळे मिटून ऐकलं, हात जोडले आणि जेवायला बसली. मला इतका आनंद झाला की मी देव्हाऱ्यातल्या मातीच्या कोकिळेला नमस्कारच घातला. त्याच्या पुढच्या दिवशीही ओरडला, त्याच्याही पुढच्या. पाऊस काही थांबला नव्हता. मला जरा नवल वाटायला लागलं, पण मिळालेलं सुख कोण उलटून पाहतो. मग एका सकाळी अण्णांना काढा द्यायला पुढच्या खोलीत गेले तर खुर्ची रिकामी. न्हाणीघर रिकामं. पुढचं दार नुसतं लोटलेलं. आणि त्याच वेळी डोक्यावरून कुहू ऐकू आलं.

पुढच्या दारातून बाहेर पडून, वरच्याच मजल्याच्या सज्ज्यातून इमारतीला वळसा घालून मागचा जिना गाठता येत असे. मी तशीच धावले. अण्णा गच्चीवर पाण्याच्या टाकीआड छत्री घेऊन उभे होते. दोन्ही हात तोंडाशी धरलेले, छत्री काखेत, त्यामुळे एक खांदा पूर्ण भिजलेला. गच्चीच्या कडेवरून आमची पडवी दिसे. ते वाकून पाहत होते. आईनं घास तोंडात घातल्याचं दिसलं तेव्हाच ते मागे वळले, आणि मी समोर. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. “कोणाला बोलायचं नाही,” ते म्हणाले. धाप लागली होती, दर दोन शब्दांमागे एकदा श्वास घेत होते.

“अण्णा, जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय तुम्हाला.”

“मग काय करू? तिला उपाशी मरू देऊ?”

“मी ओरडते ना तुमच्याऐवजी.”

“तुला नाही जमायचं. तू गाणं म्हटल्यासारखं म्हणशील. तो गात नाही, तो हाका मारतो. तुझी आई लगेच ओळखेल.”

मी काय करायला हवं होतं? आज साठी उलटून गेल्यावरही सांगता येत नाही मला. आईला सांगावं तर ती त्या क्षणी ताट बाजूला सारणार आणि महिना संपेपर्यंत उपाशी राहणार, हे मला दिसत होतं. न सांगावं तर हा माणूस रोज सकाळी ओला लोखंडी जिना चढणार, ज्याला चार पावलं चालायची चोरी. ती उपास करते त्याच्या जिवासाठी, आणि तो जीव धोक्यात घालतो तिच्या उपासापायी. मला दोघांचाही राग आला. शेवटी मी एवढंच केलं, की रोज सकाळी जिन्याच्या तळाशी उभी राहायला लागले, अण्णांच्या मागे मागे, जीव मुठीत धरून. मंजुळाकाकीनं एकदा मला तिथं भिजताना पाहिलं आणि वर गच्चीकडे पाहिलं. टोपली खाली ठेवून थोडा वेळ माझ्याबरोबर उभी राहिली, आणि अण्णा उतरेपर्यंत हलली नाही.

पुढे संस्कृत शिकताना मला कुठंसं वाचायला मिळालं की आपला ‘भात’ हा शब्द मूळच्या ‘भक्त’वरून आला, आणि त्याच्या मुळाशी वाटून घेणं, वाट्याला येणं असा अर्थ आहे. वर्गात सांगितलं की मुलं हसायची. मीही हसायची त्यांच्याबरोबर. शब्दकोश काय, मागाल ती वाट दाखवतो. मला मात्र त्या सकाळी पडवीतलं आईचं ताट आणि वरून वाकून पाहणारे अण्णा यांच्यामध्ये जो पाऊस पडत होता, तो आधी आठवतो, आणि मग अर्थ.

व्हायचं ते एक दिवस झालंच. अण्णांचं ओरडणं मध्येच तुटलं. एकदा खालचा सूर, मग वरचा, आणि पुढे काहीच नाही. मी पायऱ्या चढून गेले तर ते वरच्या वळणावर बसलेले, कठड्याला घट्ट धरून, चेहरा राखेसारखा. तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी हाक मारायला खाली वळले तर आई माझ्या मागेच होती. नुकती न्हालेली, केसांतून पाणी गळतंय, एका हातात पंचा आणि दुसऱ्या मुठीत डॉक्टरांनी अण्णांसाठी दिलेली, जिभेखाली ठेवायची गोळी. ती जेवणाच्या ताटावरून उठून आलेली नव्हती, ताट तिनं अजून घेतलंच नव्हतं. गोळी आणायला वेळ लागतो, ती कुठं ठेवलीय ते शोधावं लागतं, हे सगळं माझ्या लक्षात आलं आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. गोळी तिनं तयारच ठेवली होती. रोज ठेवत असणार.

तिनं गोळी त्यांच्या जिभेखाली सरकवली, पंच्यानं डोकं पुसलं आणि एक पायरी खाली त्यांच्या पायाशी बसली. आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो. पाऊस पडत होता. हळूहळू अण्णांच्या चेहऱ्यावर रंग आला.

“कधीपासून माहीत होतं तुला?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. कोकिळेला खोकला येत नाही.”

“मग जेवत कशाला होतीस?”

“मी घास घेतल्याशिवाय तुम्ही खाली येत नव्हतात. भिजत होतात.”

“म्हणजे तुझा नेम मोडला,” अण्णा म्हणाले.

“मोडला,” आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईला रडताना मी फार कमी वेळा पाहिलंय. दवाखान्यातसुद्धा रडली नव्हती ती. “रोज मोडला. रोज देवाला सांगत होते, मोडला म्हणून.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “चला खाली. हळूहळू. माझ्या खांद्यावर हात ठेवा.”

खाली आल्यावर आईनं त्यांची खाट ओढून पडवीच्या दाराशी आणली, नजरेसमोर राहावेत म्हणून. मला वाटलं, व्रत संपलं. आता मातीची कोकिळा तळ्यात सोडून देतील आणि घर पुन्हा पहिल्यासारखं होईल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आई पुन्हा न्हाली, पुन्हा देवाचं केलं, आणि रिकामं ताट पुढ्यात घेऊन पडवीत बसली. मी म्हटलं, “आई, अगं मोडला ना नेम?” ती म्हणाली, “मोडला तर परत धरायचा. त्यात काय एवढं.”

झाड गप्प होतं. अण्णा खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी त्यांच्यासाठी तांदळाची पेज आणली तर त्यांनी हातानं दूर सारली, “ठेव तिथं, पोट जड आहे.” मी झाकण घालून ठेवली. नवाचा भोंगा झाला, शाळेत जायची वेळ झाली, तरी माझा पाय निघेना. मंजुळाकाकी भाजी घेऊन आली आणि दारातच थबकली. आईचे ओठ सुकले होते. ती झाडाकडे पाहत होती, आणि अण्णा तिच्याकडे.

मग अण्णांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. लपले नाहीत, पाठ फिरवली नाही, तिच्या तोंडाकडे बघतच त्यांनी आवाज दिला. आधी खालचा, मग वरचा, मग त्याच्याही वरचा. मध्येच खोकला आला. तो ओसरेपर्यंत ते थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आवाज फाटका येत होता, झाडावरच्या पाखराला तो ऐकून हसू आलं असतं. मला भीती वाटत होती की आई रागावेल, किंवा नुसतीच उठून जाईल. तिनं डोळे मिटले. शेवटच्या सुरापर्यंत ऐकलं. मग रोज जोडायची तसे हात जोडले, ताटात भाकरी घेतली आणि पहिला घास तोंडात घातला.

अण्णांनी हात खाली घेतले. ती घास गिळेपर्यंत थांबले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आण ती पेज. सकाळपासून काही खाल्लं नाहीये मी.”